वरचं दीड सप्तक

माझी मुलगी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. पंधरा दिवस झाले होते. असं लोंबकळत राहणं मला सोसत नाही. तार एकतर ताणावी नाहीतर सोडून द्यावी, मधल्या मध्ये ठेवली की ती नुसती कुरकुरते.

शहराच्या टोकाला साबणाचा एक बंद पडलेला कारखाना आहे. तिथे आता गाणंबजावणं चालतं. गाणंबजावणं हा माझा शब्द, ते लोक प्रयोग म्हणतात. मी पाहिलेले प्रयोग असे: एका माणसाने तासभर शिवणयंत्र चालवलं, कापड न घालता. दोघांनी फिरत्या पंख्यासमोर दोरे धरले. एक बाई माईकपाशी बसून नुसती श्वास घेत होती, आणि लोक डोळे मिटून ऐकत होते. भिंतींना अजून साबणाचा वास येतो, त्यामुळे प्रयोग फसला तरी स्वच्छ फसतो, असं मी म्हणायचो. भिंगरीला हा विनोद कधीच आवडला नाही.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं, ते एकतिसाव्या वर्षीही चिकटून आहे. पियानो वाजवते. त्या कारखान्यात तिची जोडी जमली ती पत्रेवाल्याशी. हा गृहस्थ पूर्वी गाड्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकायचा. आता छताला पत्रे टांगतो आणि वाजवतो. दिवसाला दहा-बारा शब्द बोलतो, त्यातले निम्मे ‘हं’ असतात.

तिथला कारभार बघणाऱ्या बाईंना सगळे मालकीण म्हणतात, मालकी त्यांची नसली तरी. मालकिणीने या दोघांना विचारलं होतं: वर्षभर बाहेर पडा, सात शहरांत जा, प्रत्येक ठिकाणच्या वादकांबरोबर राहून काहीतरी नवं उभं करा. पत्रेवाल्याने जागच्या जागी मान डोलावली. आमची भिंगरी म्हणाली, ‘‘बघते.’’ शेवटी मालकिणीने मुदत घातली. शनिवारी संध्याकाळी सहाला दोघांचा कार्यक्रम, आणि तो संपला की उत्तर; जायचं तर सोमवारी निघायचं.

‘‘बघायचं काय राहिलंय त्यात?’’ मी विचारायचो.

‘‘बाबा, तुम्ही जेवा.’’

तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. भांडणात मध्ये पडायला तिसरं माणूस नाही, त्यामुळे आमची भांडणं संपत नाहीत, नुसती थांबतात.

मी पियानो लावतो. चाळीस वर्षं हाच धंदा. बहुतेक पट्ट्यांमागे तीन-तीन तारा असतात आणि तिन्ही एका सुरात हव्यात. दोन तारा अगदी जवळ आल्या, पण जुळल्या नाहीत, की आवाज हेलकावतो, वाँव वाँव करतो. किल्लीने खुंटी हळूहळू फिरवत न्यायची, हेलकावा मंद होतो, आणखी मंद होतो आणि थांबतो. थांबला की जुळलं. एवढंच काम आहे, आणि एवढं शिकायला मला सहा वर्षं लागली. आता बाजारात त्याची यंत्रं मिळतात. मी घेतलेलं नाही. मला कान आहेत.

त्या कानांवरून गेल्याच महिन्यात एक खटका उडाला होता. संगीतशाळेच्या बाई, ज्यांचे चार पियानो मी वीस वर्षं लावतोय, मला म्हणाल्या, ‘‘या वेळी वरच्या पट्ट्या जरा कचकच करतायत हो.’’ मी त्यांना तोंडावर म्हणालो, ‘‘नाचता येईना अंगण वाकडं!’’ घरी येऊन भिंगरीला सांगितलं, हसत हसत. ती हसली नाही. ‘‘मी जाऊन बोलते त्यांच्याशी,’’ म्हणाली. मला बरं वाटलं, पोरगी बापाच्या बाजूने भांडायला निघाली म्हणून.

पण तिच्या ‘बघते’ने माझी झोप उडवली होती. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर वाजायची, चालताना पावलं मोजली जायची. आणि शुक्रवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीला भीती वाटतेय! तिथला पियानो रद्दड. पाच महिन्यांपूर्वी मी लावला होता, त्यानंतर कारखान्याच्या ओलीत त्याचं काय झालं असेल देव जाणे. असल्या बाजावर वाजवून कुणाला धीर येईल? पियानो खणखणीत लावून द्यायचा, संध्याकाळ रंगेल आणि ती आपसूक हो म्हणेल. तिला सांगायचं मात्र नाही. सांगितलं की ती ‘बाबा, तुम्ही जेवा’ म्हणणार.

शनिवारी सकाळी आठला मी पिशवी घेऊन दारात हजर. मालकिणीला वाटलं मुलीनेच पाठवलंय. तिने दार उघडलं आणि स्वतःच्या कामाला निघून गेली.

आत छतापासून चौतीस पत्रे लोंबत होते. काही दाराएवढे, काही ताटलीएवढे. खाली पियानो. मी झाकण उघडलं, एक पट्टी दाबली आणि कळवळलो. काय अवस्था झाली होती बिचाऱ्याची! एक पट्टी नीट, तर दुसरी पार घसरलेली. तिसरीच्या तीन तारा तीन दिशांना. कुणी हे मुद्दाम केलं असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. माणूस आजारी दिसला तर आपण औषध देतो, त्याला विष कुणी घातलं हे विचारत बसत नाही. मी बाह्या सरसावल्या आणि तीन तास मान वर केली नाही. मधलं लावलं, खालचं लावलं. वरचं दीड सप्तक तेवढं ठाकठीक निघालं. एकेक पट्टी दोनदा वाजवून पाहिली, हेलकावा कुठेच नाही. म्हटलं, चला, एवढं तरी ओलीतून वाचलं.

बाराला दोघं आली तेव्हा मी खोक्यावर बसून पाय हलवत होतो. वाट बघताना माझे पाय थांबत नाहीत. भिंगरी माझ्याकडे बघून दचकली. मग पियानोशी गेली, उभ्याउभ्याच तीन पट्ट्या दाबल्या. आणखी चार दाबल्या. मग बसली.

‘‘कोणी हात लावला याला?’’

‘‘मी,’’ मी म्हणालो, छाती काढून.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती पत्रेवाल्याला खूण केली. पत्रेवाल्याने एका मोठ्या पत्र्यावर हलकेच टोला दिला आणि तिने त्याच्या जोडीची पट्टी दाबली. दोन आवाज एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

‘‘अकरा दिवस लागले होते, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘एकेक तार मी हलवली होती. चौतीस सूर. त्या सुरांवरून यांनी पत्रे कापले.’’

‘‘पत्रा एकदा कापला की कापला,’’ पत्रेवाला म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषण होतं.

मी म्हणालो, ‘‘मला आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्ही हसला असता.’’

हसलो असतो. अगदी पोट धरून हसलो असतो. साबणाचा विनोदही केला असता.

साडेबारा वाजले होते. तिने घड्याळ पाहिलं, पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाली, ‘‘मालकिणीला सांगते. आज नाही होणार.’’ आणि तिच्या आवाजात मला जे ऐकू आलं त्याने मी जास्त घाबरलो. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. आज नाही म्हणजे उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे जाणं नाही.

‘‘थांब,’’ मी म्हणालो. ‘‘तारा बिघडल्या, पत्रे तर जागेवर आहेत ना? पत्र्यांवरून तारा परत लावतो.’’

‘‘पाच तासांत?’’

‘‘साडेचार. तुम्ही मध्ये बोलला नाहीत तर.’’

मग सुरू झालं. पत्रेवाला टोला द्यायचा, मी किल्ली फिरवायचो. पत्र्याचा आवाज म्हणजे एक आवाज नसतो, भांडणाऱ्या बिऱ्हाडासारखे दहा आवाज एकदम निघतात. त्यातला कोणता तिने तारेला दिला होता, तो हुडकायचा. पहिल्या चार पट्ट्यांना मी चुकलो. मग लक्षात आलं, ती प्रत्येक पत्र्यातला सगळ्यात उशिरापर्यंत टिकणारा आवाज घेते. बाकीचे विझले की जो उरतो, तो. हे कळल्यावर मी सुसाट सुटलो. चाळीस वर्षं बरोबर लावत आलो, त्या दिवशी चूक लावत होतो, आणि चूक लावणं जास्त नाजूक होतं. बरोबर एकच असतं. चुका केसाकेसाच्या अंतरावर हजार असतात, आणि तिला त्यातली एकच हवी होती.

‘‘अजून एक केस,’’ पत्रेवाला म्हणायचा. मी केसभर सरकवायचो. ‘‘हं.’’

‘‘तारांना जुन्या जागेची सवय असते,’’ मी भिंगरीला म्हणालो. ‘‘बघ, तुझ्याच बाजूने ओढतायत. माझं त्यांनी मनावरच घेतलं नव्हतं.’’

ती पहिल्यांदा जरा हसली. मला जोर चढला. चारला चोवीस सूर बसले होते. माझा खांदा भरून आला होता आणि मी खूश होतो. उरले दहा छोटे पत्रे, ताटलीएवढे, सगळे वरचे. पत्रेवाल्याने पहिला वाजवला. भिंगरीने पट्टी दाबली. मी किल्ली खुंटीवर चढवली.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘जुळतोय हा.’’

‘‘जुळेल कसा? सकाळी सरळच होता तो.’’

पत्रेवाल्याने दुसरा वाजवला, तिने पट्टी दाबली. तिसरा. चौथा. पत्रेवाला ‘हं’सुद्धा म्हणेना. तो एकदम आपल्या दोऱ्यांच्या गाठी तपासायला लागला.

‘‘जुळतात सगळे,’’ भिंगरी हळू म्हणाली. ‘‘मी ठेवले होते तसेच आहेत.’’

‘‘ते मी मुद्दाम सोडले,’’ मी म्हणालो. ‘‘बरे वाटले म्हणून.’’

बाकीचं सगळं घासूनपुसून लख्ख करणारा माणूस हेच तेवढं बरं वाटलं म्हणून सोडेल, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. मी वाकलो, पट्टी दाबली, कान तारांपाशी नेला. पुन्हा दाबली. हातोडी तारेवर आपटल्याची टक. बस. त्याच्या पुढे काहीतरी बारीक होतं, पण हेलकावा कुठे होता? तिने हलवलेल्या तीन तारा तिथे वाँव वाँव करत असणार, आणि मला शांत वाटत होतं. मी दहाही पट्ट्या दाबल्या. टक, टक, टक.

‘‘एक जरा उतरलीय,’’ ती म्हणाली. तिने आपल्या पिशवीतून किल्ली काढली. माझ्यासारखीच, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. मुठीवरची पट्टी झिजून काळी पडली होती. भिंगरीकडे किल्ली आहे हे मला माहीतच नव्हतं. तिने ती खुंटीवर बसवली, मनगट जरासं हललं, एकदा, आणि झालं. माझ्यापेक्षा सफाईने. अकरा दिवसांत असा हात बसत नाही.

‘‘हे कुठे शिकलीस?’’

तिने किल्ली पुसून पिशवीत टाकली.

‘‘भिंगरे, मी विचारतोय.’’

‘‘शाळेत,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टरांच्या घरी. हॉटेलच्या पियानोवर. तुम्ही बुधवारी लावून आलात की मी गुरुवारी वाजवून बघायच्या निमित्ताने जायचे. फक्त वरचं दीड सप्तक. खालचं तुमचं अजून कोणाच्या बापाला जमणार नाही.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘दोन वर्षं.’’

‘‘आणि गेल्या महिन्यात शाळेत…’’

‘‘गेल्या महिन्यात मी इथे होते, बाबा. दोनदा ठरवलं, जमलंच नाही.’’

मी खोक्यावर बसलो. दोन वर्षं लोक मला दारात उभं राहून म्हणत होते, वा, हात आहे तुमचा! आणि मी मान डोलावत होतो. शाळेच्या बाईंना अंगण वाकडं म्हणालो होतो. लाज वाटली, इतकी की भिंतीत शिरावंसं वाटलं. आणि मग लाजेमागून दुसरी गोष्ट आली. ही जाणार वर्षभर. वर्षभर माझ्यामागून गुरुवारी कोण जाणार? म्हणून ती ‘बघते’ म्हणत होती. तिला ना पियानोची भीती होती ना सात शहरांची. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते मी सकाळपासून करत होतो.

‘‘माझ्यासाठी अडलीस तू?’’

‘‘खालची एक तार अजून ढिली आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ती ओढा आधी.’’

ओढली. दुसरं काय करणार?

सहाला साठ-सत्तर माणसं जमली. मी शेवटच्या रांगेत कडेला बसलो, पाय हलवायला जागा हवी म्हणून. पुढे शाळेच्या बाई दिसल्या, त्या अशा ठिकाणी नेहमी येतात. त्यांच्या दोन खुर्च्या पलीकडे हॉटेलचे व्यवस्थापक. माझं सगळं गिऱ्हाईकच गोळा झालंय असं मला वाटलं.

भिंगरीने पहिला सूर दाबला आणि डोक्यावरचा मोठा पत्रा कुणी न वाजवताच बोलला. म्हणजे पियानोच्या आवाजानेच तो हलला. त्यासाठी केसभर जुळणी हवी होती तर! मग दुसरा पत्रा, तिसरा. पत्रेवाला त्यांच्यामधून चालत होता, कुणाला बोटाने थांबवत होता, कुणाला मोकळं सोडत होता. मला आवडलं का? खोटं कशाला बोलू, पहिली दहा मिनिटं दाढदुखीसारखी गेली. माझं मन एकेका तारेला सरळ करायला धावत होतं. मग कधीतरी ते दमलं आणि गप्प बसलं. तारांमागून पत्रे, पत्र्यांमागून साबणाच्या भिंती, सगळं एकदम घुमायला लागलं, आणि मला कळलं की पोरीला हे आतून ऐकू येत असणार, त्या अकरा दिवसांपासून. मला ते स्वतःहून कधी ऐकू आलं नसतं. कान चांगले होते तेव्हाही नाही.

शेवट वरच्या पट्ट्यांवर होता. फक्त त्या दहा, आणि ते ताटलीएवढे पत्रे. समोरच्या रांगांतली माणसं पुढे झुकली. एका बाईने तोंडावर हात ठेवला. शाळेच्या बाईंनी डोळे पुसले. आणि मला काय ऐकू आलं? टक. टक. लाकडाची टकटक, थांबून थांबून. माझ्या मुलीने वाजवलेलं सगळ्यात सुंदर काहीतरी त्या खोलीत चाललं होतं आणि मी तिथे नव्हतो. मला रडू आलं नाही, राग आला. कानांचा आला, वयाचा आला, आणि तिचाही आला, की दोन वर्षं हिने मला फसवलं. ती वाजवून उठली तरी माझा राग उतरला नव्हता. टाळ्या मात्र मीच सगळ्यात जोरात वाजवल्या, त्या मला ऐकू येत होत्या.

लोक उठले, घोळके झाले. मालकीण थेट भिंगरीकडे गेली. मी जवळ पोचलो तेव्हा ती विचारत होती, ‘‘मग? काय ठरलं?’’

भिंगरीने माणसांच्या डोक्यांवरून मला शोधलं. दिसलो. मग तिने नजर वळवली. ‘‘मला अजून थोडा वेळ…’’ ती म्हणायला लागली.

मला तेवढं पुरे झालं. शाळेच्या बाई दोन पावलांवर उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मुद्दाम मोठ्याने बोललो, हॉटेलवाल्यालाही ऐकू जाईल असं.

‘‘बाई, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. अंगण सरळ होतं, मीच वाकडा होतो. वरचं दीड सप्तक मला ऐकू येत नाही. दोन वर्षं ते माझी मुलगी लावत होती, माझ्यामागून, मला न कळू देता. आता ती वर्षभर बाहेर चाललीय. वरच्यासाठी दुसरा माणूस बघा.’’

घोळके वळून बघायला लागले. चाळीस वर्षांचं नाव मी एका दमात खाली ठेवलं होतं. परत उचलायची सोय नव्हती, तेच बरं होतं.

‘‘आणि खालचं?’’ शाळेच्या बाईंनी विचारलं.

‘‘खालचं अजून मी आहे की!’’

‘‘मग बुधवारी या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वरच्याचं बघू.’’

भिंगरी माणसांना बाजूला सारत माझ्यापर्यंत आली. तिचे कान लाल झाले होते. असे लाल कान मी तिच्या आईचे पाहिले होते, आणि ते दिसले की मी घराबाहेर पडायचो.

‘‘कोणी सांगितलं तुम्हाला मी चाललेय म्हणून? कोणी? मी काही बोलले होते?’’

‘‘आता न जाऊन काय करणार आहेस?’’ मी म्हणालो. ‘‘सगळ्यांना कळलंय. गुरुवारचं काम गेलं तुझं.’’

डोळ्यांत पाणी होतं, ते तिने मनगटाने असं पुसलं, जसं काही मीच ते तिथे टाकलं होतं. मग वळली आणि भांडणाच्याच आवाजात मालकिणीला म्हणाली, ‘‘सोमवारी निघायचंय ना? येते मी.’’

पत्रेवाला म्हणाला, ‘‘हं.’’

‘‘आणि तुम्ही,’’ ती माझ्याकडे वळली, सगळ्यांदेखत, ‘‘घरी चला. बघतेच तुमच्याकडे.’’